तळमजल्यावरची वाढीव खोली

सोलापुरांत तळमजल्यावरील फ्लॅटमध्यें राहणाऱ्या कुटुंबापुढें आज ना उद्यां एक प्रश्न उभा राहतो. मुलें मोठीं होतात, गांवाकडील वृद्ध आई कायमची राहावयास येते आणि कालपर्यंत पुरणारें घर एकाएकीं अपुरें वाटूं लागतें. खिडकीबाहेर आठ-दहा फुटांची मोकळी पट्टी दिसत असते. तेथें एक खोली काढली कीं सर्व अडचण मिटेल, असें घरांतील प्रत्येकास वाटतें. हा मोह स्वाभाविक आहे. परंतु या खोलीची पुरी किंमत विटा आणि सिमेंट यांच्या हिशेबांत दिसत नाहीं. कारण अशी नवी खोली बहुधा जुन्या खोलीची खिडकी बुजवूनच उभी राहते.

सोलापूरच्या हवेंत ही किंमत जड आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो. जुन्या सोलापूरकरांनीं या उन्हावर उपाय शोधला तो खोल्या वाढवून नव्हे. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचें धाबें, मध्यें चौक आणि पुढें ओसरी, अशी त्यांच्या घरांची मांडणी असे. ऊन ओसरीवर अडे आणि वारा मात्र तिच्यांतून माजघरापर्यंत जाई.

म्हणून बांधकामाचा विचार करण्यापूर्वीं घराचा नकाशा कागदावर काढावा. भिंती, दारें, खिडक्या, पलंग, कपाटें हीं सर्व मापानें दाखवावींत, आणि दार कोणत्या बाजूस उघडतें तेंहि दाखवावें. पुष्कळ वेळां असें आढळतें कीं, खोली लहान नसून ती येण्याजाण्याच्या वाटेनें दुभंगलेली आहे. दार एका कोपऱ्याकडे सरकविलें, तर पलंगाला जागा निघते. वृद्ध माणसाचा पलंग न्हाणीघराजवळ असावा, पण पश्चिमेच्या भिंतीला लागून नसावा. ती भिंत दुपारभर तापते आणि रात्रीं उशिरापर्यंत ऊब सोडीत राहते. तिला कपाटांची रांग लावावी.

यानंतर सावलीचा विचार करावा. सोलापूर सुमारें १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. येथें डिसेंबरच्या उत्तरार्धांत मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ४९ अंशांवर असतो, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत तो ७२ अंशांवर येतो. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर लगत दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चच्या भर दुपारीं सगळी खिडकी सावलींत राहते आणि डिसेंबरांत तिच्या खालच्या दीड-पावणेदोन फुटांतून हवेंसें ऊन आंत येतें. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित् उत्तरेकडे असतो; म्हणून उत्तरेच्या खिडकीलाहि लहानसा छज्जा हवा. पश्चिमेचें ऊन मात्र तिरपें येतें, त्याला छज्जा अडवूं शकत नाहीं. तेथें जाळी, वेलाचा मांडव किंवा बाहेरून सोडलेला वाळ्याचा पडदा उपयोगी पडतो.

इतकें करूनहि खोली हवीच असेल, तर जागा कोणाची आहे हें प्रथम पाहिलें पाहिजे. सोलापूरजवळ कुंभारी येथें २००६ सालीं १०,००० विडीकामगार स्त्रियांना घरें मिळालीं. तीं बैठीं घरें होत. त्याच परिसरांतील रे नगर वसाहतींत १९ जानेवारी २०२४ रोजीं १५,००० घरें कामगारांच्या स्वाधीन झालीं. तीं मजल्यांच्या इमारतींतील आहेत. बैठ्या घराच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाचें घर नसतें. मजल्यांच्या इमारतींत मात्र खिडकीबाहेरची पट्टी सहसा सर्वांच्या सामाईक मालकीची असते. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याप्रमाणें, त्या कायद्याखालील इमारतींत कोणतेंहि महत्त्वाचें वाढीव बांधकाम करण्यापूर्वीं इतर सर्व मालकांची एकमुखी संमति लागते. महानगरपालिकेची परवानगी निराळीच घ्यावी लागते.

हा केवळ कागदाचा प्रश्न नाहीं. खोली जोडण्यासाठीं जी भिंत फोडावयाची, ती वरच्या बिऱ्हाडांचा भार वाहत असेल, तर धोका सर्वांनाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत जड माळवदें आणि सांधे न बांधलेल्या दगडी भिंती कोसळून हजारों माणसें दगावलीं. भिंतीवर किती भार आहे हें स्थापत्यतज्ज्ञानें पाहिल्यावांचून तिला हात लावूं नये.

जमिनीचेंहि तसेंच आहे. सोलापूरची काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. जुन्या इमारतीचा पाया खोल असतो. नव्या खोलीचा पाया वरच्या मातींतच ठेवला, तर ती खोली दरवर्षीं थोडी वर-खालीं होते आणि जोडावर भेग पडते. म्हणून पाया काळ्या मातीखालच्या मुरुमापर्यंत न्यावा, आणि जुन्या व नव्या भिंतींमध्यें सांधा मोकळा ठेवावा. भिंतीभोंवतीं बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी व झाडांचें पाणी पायाशीं मुरूं देऊं नये. सांडपाण्याचें चेंबर आणि पाण्याचा हौद नव्या फरशीखालीं गाडले जाणार नाहींत, हेंहि पाहावें. तुंबलेलें चेंबर घरांत उघडावें लागणें यासारखी आपत्ति नाहीं.

हें सर्व तोलून पाहिलें असतां पुष्कळ कुटुंबांस खोलीपेक्षां पडवीच परवडेल. शेजाऱ्यांची संमति आणि पालिकेची परवानगी घेऊन तीन बाजूंनीं उघडी, हलक्या छपराची पडवी काढावी. आईचा पलंग आंत, खिडकीजवळ राहील. संध्याकाळीं ती पडवींत बसेल, मुलें तेथें अभ्यास करतील, आणि जुन्या खोलीचा वारा व उजेड कायम राहील.