छोटे घर, पण वाढणारे

कमी जागेत अधिक कुटुंबे वसवायची तर मजल्यांवर मजले चढवावेच लागतात, हा समज वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी खोडून काढला. गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या अखिल भारतीय स्पर्धेत मजली इमारतींचे आराखडे अपेक्षित होते. कोरिया यांनी तेवढीच कुटुंबे सामावणारी अरुंद, सलग घरे सुचवून प्रथम पारितोषिक पटकावले.

पुढे १९८३ ते १९८६ या काळात नवी मुंबईतील बेलापूर येथे त्यांनी सामाईक अंगणाभोवती सात-सात घरांचे समूह उभारले. दोन घरांमध्ये सामाईक भिंत नसल्याने प्रत्येक कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढवण्याची मुभा मिळाली.

त्यामुळे अंगणा-परसातील छोट्या घरांच्या आराखड्यांची निवड करताना आजच्या खर्चाइतकाच उद्याच्या वाढीचाही विचार आवश्यक ठरतो.