बदलीचा हुकूम आणि एक नकार

घरात बदलीचा हुकूम येऊन पडला की काय उलथापालथ होते, हे नोकरदार वाचकांना सांगावयास नको. मुलांची शाळा, वृद्ध आईवडील, वर्षानुवर्षांचा शेजार, सारे एका कागदाने विसकटते. तरीही नोकरदाराला निदान राजीनामा देऊन दुसरी चाकरी धरता येते. अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूंना एके काळी तेवढीही मुभा नव्हती.

बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि शरदात संपतो. हिवाळ्यात मैदाने ओस पडली की क्लबांच्या कचेऱ्यांत खेळाडूंची देवघेव चालते. वय वाढलेला, पगार चढलेला खेळाडू द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात दुसरा घ्यावा, असा हा व्यवहार. हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु ज्याची देवघेव व्हावयाची, त्याला मात्र कोणी विचारीत नसे. करार एका वर्षाचा असला तरी तो स्वतःच्या मर्जीने पुढे चालू ठेवण्याचा हक्क क्लबाला होता, आणि वर्षामागून वर्षे तो बजावला जाई. क्लबाने सोडल्याखेरीज खेळाडूची सुटका नसे.

कर्ट फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा खेळाडू. या संघाकडून तो १२ हंगाम खेळला. १९६४ व १९६७ साली संघाने अजिंक्यपद मिळविले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. क्षेत्ररक्षणाचा मानाचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ त्याने सलग ७ वर्षे पटकाविला. १९६९ साली त्याचा पगार ९०,००० डॉलर होता. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याला दूरध्वनीवरून कळविण्यात आले की, आणखी तिघांसह त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देण्यात आले आहे. तेव्हा त्याचे वय होते ३१.

फ्लड कृष्णवर्णीय होता. उमेदवारीच्या काळात दक्षिणेकडील गावांत गोऱ्या सहकाऱ्यांच्या पंगतीला बसण्याचीही त्याला बंदी होती. माणसाची किंमत दुसऱ्याने ठरविणे म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. डिसेंबरमध्ये त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले: आपण मालमत्ता नाही, इतर संघांशी बोलणी करण्याचा आपल्याला हक्क हवा. आयुक्तांनी नकार दिला आणि फ्लड न्यायालयात गेला. एवढा पगार मिळविणारा मनुष्य गुलामगिरीची भाषा कशी बोलतो, असे दूरदर्शनच्या मुलाखतीत विचारले गेले, तेव्हा त्याने उत्तर दिले की, पगार चांगला असला तरी गुलाम हा गुलामच.

खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते की, जिंकण्याची आशा धरू नये. शिवाय खेळाची कारकीर्दही बुडेल. तसेच झाले. जॅकी रॉबिन्सन यांच्यासारख्या निवृत्त खेळाडूने त्याच्या बाजूने साक्ष दिली. पण त्या वेळी मैदानात खेळणारा एकही खेळाडू साक्षीला उभा राहिला नाही. १९७० चा संपूर्ण हंगाम फ्लड घरी बसला. १९७१ साली वॉशिंग्टनच्या संघाकडून १३ सामने खेळून तो परदेशी निघून गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला.

परंतु पेरलेले वाया गेले नाही. १९७३ साली असा नियम झाला की, १० वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची ५ एकाच संघात काढलेल्या खेळाडूची संमतीवाचून देवघेव करता येणार नाही. १९७५ च्या अखेरीस लवादाच्या निवाड्याने त्या जुन्या कलमाचे बंधनच तुटले, आणि खेळाडूंचे पगार झपाट्याने वाढू लागले.

फ्लड १९९७ साली वारला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने बेसबॉल खेळाडूंच्या हक्कांविषयी केलेल्या कायद्याला त्याचे नाव देण्यात आले. आज हिवाळ्यातील देवघेवीत एखादा अनुभवी, गलेलठ्ठ पगाराचा खेळाडू ‘मी जाणार नाही’ असे म्हणू शकतो, आणि क्लबाला ते ऐकावे लागते. हे तीन शब्द प्रथम उच्चारणाऱ्याच्या पदरी मात्र त्यांचे फळ पडले नाही. झाड लावणारा एक आणि सावलीत बसणारे दुसरे, हेच खरे.