फुले, निळू

फुले, निळू : (सु. १९३०–१३ जुलै २००९). मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील विख्यात चरित्र-अभिनेते. संपूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुणे येथे. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. याच काळात ते राष्ट्र सेवा दलाच्या संपर्कात आले आणि त्याच्या कलापथकात त्यांच्यातील नट घडला. वगनाट्यातील हजरजबाबीपणा, प्रेक्षकांशी थेट संधान आणि सत्ताधाऱ्यांची टिंगल करण्याची मुभा हे संस्कार त्यांना तेथूनच लाभले. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यातील भूमिकेने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. राम नगरकर हे या वाटचालीतील त्यांचे सहकारी.

अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यातील झेलेअण्णा लोकप्रिय झाला आणि पुढील दोन दशके मराठी ग्रामीण चित्रपटातील खलपुरुष म्हणजे निळू फुले असे समीकरण रूढ झाले. या यशाला सामाजिक संदर्भ आहे. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’सारख्या जुन्या चित्रपटांत शेतकऱ्याला नाडणारा माणूस सावकार असे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने वाढले आणि गावातील सत्तेची सूत्रे सरपंच, अध्यक्ष व कारखान्याचा चेअरमन यांच्या हाती गेली. मतांवर निवडून येणाऱ्या, लोकहिताची भाषा बोलणाऱ्या या नव्या धन्याला चेहरा हवा होता; तो फुले यांनी दिला. अर्थात चित्रपटातील हे गाव बहुधा पश्चिम महाराष्ट्रातील असे. भंडारा-गोंदियाकडील धानाच्या मुलखातील मालगुजार व त्याचे तलाव मराठी पडद्यावर क्वचितच आले, ही त्या काळच्या चित्रपटांची मर्यादा होय.

फुले यांचा खलनायक आरडाओरडा करीत नाही. घोगरा, खालच्या पट्टीतील आवाज, शब्द ओढून व मध्येच थांबून बोलण्याची लकब, अर्धवट मिटलेले डोळे आणि तिरकी नजर एवढ्या सामग्रीवर ते दहशत उभी करीत. ज्याचा शब्द गावात कोणी मोडत नाही, त्याला आवाज चढवावा लागत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. परिणाम असा झाला की, प्रत्यक्ष जीवनातही स्त्रिया आपल्यापासून चार हात दूर राहत, अशी आठवण ते सांगत. मात्र निर्मात्यांनी हाच साचा त्यांच्याकडून वारंवार गिरवून घेतला. अनेक चित्रपटांत पटकथा दुबळी आणि फुले तेवढे पाहण्याजोगे, असे दिसते.

जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ (१९७४) या चित्रपटात हा साचा मोडला. त्यातील हिंदूराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा कर्तबगार, दिलदार आणि गुन्हेगारही आहे. गावात आलेला व्यसनी मास्तर (श्रीराम लागू) मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हे विचारीत राहतो आणि त्या एका प्रश्नाने हिंदूरावाचा आत्मविश्वास हळूहळू ढासळतो. ही पडझड फुले यांनी प्रेक्षकाला कीव वाटेल अशा रीतीने दाखविली. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवातील स्पर्धेत दाखविला गेला. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये ते नेमके उलट बाजूला आहेत : मंत्र्यांचे डावपेच जवळून पाहणारा, काही करू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेचा अनुभव देणारा नट येथे सत्तेचा केवळ साक्षीदार होतो आणि त्याचे मौन अधिक बोलके ठरते.

रंगभूमीवर तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या कमलाकर सारंग दिग्दर्शित नाटकातील सखाराम ही त्यांची सर्वांत धाडसी भूमिका. नाट्यपरिनिरीक्षण मंडळाशी झालेला या नाटकाचा वाद उच्च न्यायालयात गेला व निकाल नाटकाच्या बाजूने लागला. जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ या नाटकात सत्तेवर आलेल्या आपल्याच माणसांविरुद्ध उभा राहणारा वृद्ध स्वातंत्र्यसैनिक अप्पाजी त्यांनी रंगविला. ही भूमिका त्यांच्या स्वतःच्या वृत्तीला सर्वांत जवळची म्हणता येईल.

हिंदी चित्रपटांनी त्यांचा उपयोग बेतानेच केला. ‘कुली’ (१९८३) व ‘मशाल’ (१९८४) यांत ते दिसतात. महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मधील (१९८४) राजकारणी गजानन चित्रे ही त्यांतील लक्षणीय भूमिका. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवरून मराठी चित्रपट दाखविले जाऊ लागल्यावर त्यांचे जुने काम नव्या पिढीच्या घरात पोहोचले.

सेवा दलाशी असलेले नाते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता श्रीराम लागू व इतर नामवंत कलावंतांसह त्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही त्यांचा सहभाग होता. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९१ मध्ये मिळाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरील ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. पुणे येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.