वेगळ्या वाटेची पहिली खेळी

बुद्धिबळात राजापुढील वा वजिरापुढील प्यादे प्रथम दोन घरे सरकवावे, असा प्रघात आहे. परंतु १९८० साली स्वीडनमधील स्कारा येथे जगज्जेत्या कार्पोव्हच्या राजापुढील प्याद्याला इंग्लंडच्या माइल्सने वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे एकच घर हलवून उत्तर दिले, आणि डावही जिंकला!

आपल्या देशी खेळात प्यादे एकेकच घर चाले. त्याच वळणाने कलकत्त्याचे महेशचंद्र बंदोपाध्याय १८५५ च्या सुमारास कॉक्रेनशी खेळताना मध्यभाग प्रतिपक्षास देऊन नंतर त्यावर मारा करीत. त्यांनी खेळलेली एक मांडणी १९२२ नंतर ग्रुनफेल्डच्या नावाने प्रसिद्धी पावली.

अपरिचित खेळीपुढे पाठांतर थिटे पडते. तथापि राजाचे रक्षण विसरल्यास तीच अंगलट येते. म्हणून मुलाने अशी खेळी केल्यास रागावू नका. आधी तिचे कारण विचारा.