थेंबावरून थेंबाची परीक्षा
दुधाच्या पातळ थरावर थेंब आपटला की उसळणारा, टोकाटोकाला मोत्याएवढा दाणा धरलेला मुकुट बहुतेकांनी चित्रात पाहिलेला असतो. हॅरॉल्ड एजर्टन यांचं १९५७चं ते छायाचित्र इतकं सुबक आहे, की थेंब नेहमी असाच फुटत असेल असं वाटावं. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन हेही आधी असंच समजत होते. काजळी धरलेल्या घड्याळकाचेवर ते थेंब ठेवत, कारण काजळीला पाणी चिकटत नाही. विद्युतचुंबकाचा प्रवाह तोडला की काच झटक्यात बाजूला व्हायची आणि थेंब सुटायचा. त्याच क्षणी सुटलेली एक गोळी ठरल्या वेळी ठिणगी पाडायची. अंधारात त्या लखलखाटात जे दिसेल ते डोळ्यांत धरून लगेच कागदावर उतरवायचं. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. म्हणजे त्यांची चित्रमालिका एका थेंबाची नव्हतीच. ती अनेक थेंबांची होती, आणि सगळे थेंब सारखेच वागतात या गृहीतकावर उभी होती. १८९४च्या सुमारास छायाचित्रं हाती आली तेव्हा मुकुट वाकडे, दाते विषम निघाले. तसे वाकडे नमुने आधीही दिसत होते, पण हात सममितीच काढत राहिला, हे त्यांनी पुढे प्रांजळपणे मान्य केलं. माझ्या मते मुकुटापेक्षा ही कबुली मोलाची.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. थेंबांचं तसं नाही. सुईच्या टोकावरून सुटताना थेंब थरथरतो. कधी चपटा, कधी लांबट होतो. ३ मिलिमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब सेकंदाला सुमारे ६५ वेळा असा हेलकावतो. १० सेंटिमीटर पडायला त्याला सेकंदाचा सातवा भाग लागतो, म्हणजे वाटेत नऊएक हेलकावे होतात, आणि ते विरायला एवढा वेळ मुळीच पुरत नाही. शेवटी वेग सेकंदाला १.४ मीटर असतो, म्हणून सुई अवघी एक सेंटिमीटर वर सरकवली की चपटा आपटणारा थेंब लांबट होऊन आपटतो. आता पाण्यात शिरलेल्या थेंबाचं धुराच्या वलयासारखं कडं होऊन खाली जातं ते घ्या. जे. जे. थॉमसन आणि न्यूऑल यांनी १८८५ मध्येच दाखवलं, की उंची वाढवत नेली तर हे कडं खोल, उथळ, पुन्हा खोल असं जातं, आणि त्याचं कारण थेंबाच्या हेलकाव्यात आहे. इलेक्ट्रॉनच्या शोधापुढे थॉमसन यांचं हे काम झाकोळून गेलं.

यावर कोणी म्हणेल, आता सेकंदाला हजारो चित्रं टिपणारे कॅमेरे आहेत, एकाच थेंबाची पूर्ण कहाणी मिळते. मिळते, पण ती त्याच थेंबाची. दुसरा तसाच वागेल ही हमी कॅमेरा देत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जडत्व, पृष्ठताण आणि गुरुत्व यांची गुणोत्तरं, म्हणजे वेबर आणि फ्राउड अंक, जुळवले की प्रयोग जुळलाच पाहिजे. या अंकांत थेंबाचा व्यास आणि वेग येतो, पण आपटतानाचा आकार येत नाही. शिवाय पृष्ठताण पुस्तकातला घेतला जातो, ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, आणि भांड्यातल्या पाण्याचा ताण बोटाच्या तेलकटपणानंही त्याच्या खाली घसरतो. म्हणून पाणी काठोकाठ भरून वरचा थर सांडू द्यावा, थेंब पंपानं सावकाश सोडावा, आधीची लाट पूर्ण निवल्याशिवाय पुढचा सोडू नये, आणि पृष्ठभागाला टेकण्याआधीच्या क्षणी प्रत्येक थेंबाचा आकार टिपावा. मग एकाच उंचीवरून वीसतीस थेंब सोडून, थेंब आपटल्यावर पाण्यात पडणाऱ्या खड्ड्याच्या खोलीची सरासरी द्यावी, आणि शेजारी सर्वांत खोल आणि सर्वांत उथळ खड्ड्याचे आकडेही. मुकुटाचे दाते मात्र या काळजीनंतरही थेंबागणिक कमीजास्त भरतात. वर्दिंग्टन यांच्या छायाचित्रांत तेच दिसत होतं.