फोनचं बिल : बोलणं नव्हे, मुदत मोजा

आजचा विषय साधा आहे. घरातला टेलिफोन, मोबाइल आणि ब्रॉडबँड यांच्यावर वर्षभरात जाणारा पैसा कमी कसा करायचा? विषय साधा असला तरी चुकीच्या जागी बचत केली की ती कशी अंगाशी येते, हे आम्ही आमच्याच घरात पाहिलंय. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आमची एक काकू इथून वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी राहते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. ती म्हणायची, "मी कुठं कुणाला फोन करते? मग दर महिन्याला रिचार्ज कशाला?" आम्हालाही ते पटलं. पाच-सहा महिने रिचार्ज केलं नाही. मग २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली. ओटीपी येणार आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो नंबर केव्हाच बंद झालेला. नवीन सिम घेतलं, आधारवर नंबर बदलायला शहापूरला दोन खेपा घातल्या. वाचवले काही शे रुपये. घालवली दोन दिवसांची मजुरी, एस.टी.चं भाडं, आणि वर मनस्ताप.

काकूचं कुठे चुकलं? ती जुन्या हिशोबानं चालत होती. तो जुना हिशोब काय होता, तो आधी बघू.

पूर्वी पैसे बोलण्याचे होते

आपल्यातल्या बऱ्याच जणांना पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवत असतील. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून जेवणं आटपून लोक रांगेत उभे राहायचे. समोरच्या मीटरवर आकडे पळायचे आणि बोलणारा घाईघाईनं "बरं, ठेवतो" म्हणायचा. घरच्या लँडलाइनचं बिलही कॉल मोजून यायचं. पुढे मोबाइल आला, तेव्हा तर १ मे २००३ पर्यंत आलेल्या फोनचेसुद्धा पैसे पडायचे. त्या काळात कमी बोला, मिस्ड कॉल द्या, रात्री फोन करा, हे सगळे उपाय बरोबर होते. तेव्हा पैसा बोलण्यावरच जात होता.

२००६ मध्ये बीएसएनएल-एमटीएनएलनं 'वन इंडिया' योजना आणली आणि देशभरात मिनिटाला एक रुपया असा दर झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बाजारच पालटला. एका कंपनीनं दुसरीला कॉलमागे द्यायचे पैसेही १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाले. आज बहुतेक पॅकमध्ये बोलणं अमर्याद असतं. मग आपण पैसे कशाचे देतो? मुदतीचे. दिवसाला दोन मिनिटं बोला नाहीतर दोन तास, पॅक २८ दिवसांनी संपणारच. म्हणजे मिस्ड कॉल देऊन आज एक पैसाही वाचत नाही. वाचतो तो योग्य पॅक निवडून आणि योग्य मुदत घेऊन.

आजची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. आता त्यावरून काय काय करता येतं ते पाहू.

एक : वर्षाचा आकडा काढा

२८ दिवसांच्या पॅकला आपण 'महिन्याचं रिचार्ज' म्हणतो. पण ३६५ ला २८ नं भागलं की १३ येतात. म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. लांब मुदतीच्या पॅकचंही तसंच. ८४ दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, आणि ३३६ दिवस म्हणजे वर्ष नव्हे. दोन पॅकची तुलना करताना किमतीला दिवसांनी भागा. एका दिवसाला किती पडतात, तोच खरा भाव.

ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांचं आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारं असं पॅक ठेवायला लावलं. ते असतं, पण ॲपमध्ये खाली खाली जाऊन शोधावं लागतं.

दोन : ज्याला नेट लागत नाही, त्याला नेट देऊ नका

घरात असं कुणीतरी असतंच, ज्याच्याकडे बटणांचा फोन आहे. किंवा मोबाइल मोठा आहे पण माणूस दिवसभर घरच्या वायफायवर. त्यांच्या नंबरवर रोजच्या दीड-दोन जीबीचं पॅक मारणं म्हणजे विहीर असताना टँकर मागवणं.

२३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियम बदलला. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली पॅक ठेवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवस होती, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगायचं, "नेट नको, फक्त बोलण्याचं पॅक दाखवा."

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. ही पॅक सहसा लांब मुदतीची असतात, म्हणून रक्कम एकदम द्यावी लागते. हातावर पोट असलेल्या घराला एका वेळी ते जड जातं. बचत गट असेल तर दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाका. भात विकल्यावर पैसा हातात येतो तेव्हाच वर्षाचं रिचार्ज उरकून घेणारी घरंही आम्ही पाहिली आहेत.

तीन : दुसरं सिम खरंच लागतं का?

आपल्याकडे दोन सिम ठेवायला कारण आहे. डोंगराच्या आडोशाला एका कंपनीची रेंज मिळते, तर शेतावर दुसरीची. शेणव्याकडे एक चालतं, साकुर्ली-डेहण्याकडे दुसरं. त्यामुळे 'दुसरं सिम टाकून द्या' असं आम्ही सांगणार नाही. आधी पारखा. शेजाऱ्याचा फोन घेऊन घर, शेत, पाणवठा, रोजचा रस्ता एवढं फिरा आणि कुठे काय लागतं ते पाहा.

घरी ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' आहे का बघा. तुमच्या कंपनीची आणि हँडसेटची सोय असेल तर भिंतीआड रेंज नसली तरी घरच्या वायफायवरून नेहमीच्या नंबरनं बोलता येतं. नुसत्या घरातल्या रेंजसाठी दुसरं सिम ठेवलं असेल, तर त्याची गरज तिथेच संपते.

चांगली रेंज दुसऱ्या कंपनीची असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदला. PORT हा शब्द नको, इंग्रजी अक्षरं फळ्यावर लिहून दाखवतो. तोंडी लक्षात ठेवा : 'पोर्ट', मग एक जागा सोडून तुमचा नंबर, आणि हा एसएमएस १९०० ला. कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. मात्र सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत, आणि पोस्टपेड असेल तर थकबाकी नसावी.

सिम सोडायचं ठरलं तर आधी बँक, आधार, गॅस, पीएम-किसान, यूपीआय या सगळीकडचा नंबर बदला आणि मगच सिम सोडा. उलट केलं की आमच्या काकूसारखं होतं. शिवाय बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे निरोप परक्या माणसाच्या हातात जातात.

आपल्या नावावर किती सिम आहेत हे आठवत नसेल, तर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं.

चार : नकळत कापले जाणारे पैसे

कॉलर ट्यून, भविष्य, क्रिकेटचे निरोप, यांतलं काहीतरी चुकून सुरू होतं आणि शिल्लक कापली जाते. अशा सेवा बंद करायला १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांना लागू असलेला मोफत नंबर आहे. जाहिरातींचे फोन थांबवायला १९०९.

पाच : लँडलाइन आणि ब्रॉडबँड

शहापूरचा ०२५२७ कोड असलेला जुना तांब्याच्या तारेचा फोन अजून काही घरांत आहे. त्याचं भाडं वेगळं, आणि वर फायबरचं बिल वेगळं, असं दोन्ही भरत असाल तर थांबा. फायबरच्या पॅकमध्ये बोलण्याची सोय बहुतेक वेळा असतेच; घरातलं लँडलाइनचं यंत्र फायबरच्या डब्याला जोडता येतं. जुना नंबर फायबरवर नेता येईल का ते एक्स्चेंजमध्ये विचारा. नेता आला तर एक भाडं सुटलं.

ब्रॉडबँड घेताना तीन गोष्टी पाहायच्या.

जीएसटी : मोबाइल रिचार्जची छापील किंमत करासह असते. ब्रॉडबँडची जाहिरात सहसा कर सोडून असते. ५०० रुपयांचं पॅक म्हणजे १८ टक्के धरून ५९०.

वेग : व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, स्पष्ट चित्राच्या व्हिडिओला पाचेक. चार-पाच माणसांच्या घराला तीसचा वेग सहसा भागवतो. शंभर-दोनशेचा वेग आणि सोबत न पाहिलेल्या ओटीटी ॲपांचं गाठोडं कशाला घ्यायचं? नेट हळू चालतं तेव्हा बऱ्याचदा राउटर कोपऱ्यात, कपाटामागे ठेवलेला असतो. वेग वाढवण्याआधी राउटर घराच्या मध्यात, उंचावर ठेवून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

मुदत : सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर बरेचदा महिनाभर जास्त मिळतो. पण आधी एक पावसाळा काढा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात झाड पडतं, केबल तुटते, वीज जाते. पावसात सेवा कशी टिकते ते पाहूनच वर्षाचे पैसे गुंतवा.

आता एका घराचा हिशोब

सोपे आकडे धरू. घरात आजी, आई, मुलगा, मुलगी यांचं एकेक सिम आणि बाबांची दोन. एकूण सहा. प्रत्येकावर २८ दिवसांचं २५० रुपयांचं पॅक. ६ × २५० × १३ म्हणजे १९,५०० रुपये. ब्रॉडबँड ५९० × १२ म्हणजे ७,०८०. बेरीज २६,५८०.

आता बदल करू. आजी बटणांच्या फोनवर आणि आई घरच्या वायफायवर, म्हणून दोघींना समजा १,८०० चं वर्षभराचं बोलण्याचं पॅक : ३,६००. बाबांचं एक सिम पारखून कमी केलं. उरलेल्या तिघांचं पॅक होतं तसंच : ३ × २५० × १३ म्हणजे ९,७५०. ब्रॉडबँड वर्षाचं भरून एक महिना सुटला : ६,४९०. नवी बेरीज १९,८४०. वर्षाला ६,७४० रुपये वाचले. बोलणं कुणाचंही कमी झालं नाही, मुलीचा ऑनलाइन अभ्यास थांबला नाही, आणि आजीचा नंबर वर्षभर चालू राहिला.

बिल चुकलं, सेवा बंद पडली तर

नुसतं भांडून उपयोग नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा, तारखेसह. ब्रॉडबँड किंवा लँडलाइन बरेच दिवस बंद राहिली तर भाड्यात सूट देण्याची तरतूद ट्रायच्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत आहे. पण कधीपासून बंद हे दाखवायला तो क्रमांकच लागतो. तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका ताईंनी विचारलं, "रिचार्ज न करता नंबर किती दिवस राहतो?" उत्तर नीट ऐका. इनकमिंग सुरू राहणं आणि नंबर आपल्या नावावर राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅक संपल्यावर इनकमिंग लवकरच थांबू शकतं. नंबर मात्र ९० दिवस वापरच नसेल तर कंपनी बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ते कापून मुदत वाढवायची तरतूद ट्रायनं २०१३ मध्ये केली. पण इनकमिंग बंद असेल तर फोन येणार नाही. ज्या नंबरवर आधार आणि बँक आहे, त्याला या भरवशावर सोडू नका.

दुसरा प्रश्न एका मुलाचा. "आमच्या पाड्यात फायबर नाही, मग?" मग घरातल्या एकाच फोनवर जास्त नेटचं पॅक घ्या, हॉटस्पॉटवरून बाकीच्यांनी वापरा, आणि बाकीच्या नंबरांना बोलण्याचं पॅक. तो एक फोन बाहेर गेला की घरचं नेट जातं, म्हणून तो सहसा घरी असणाऱ्याचा निवडा.

जाता जाता एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर सगळ्यांच्या फोनमधले गेल्या वर्षभराचे रिचार्जचे निरोप काढा आणि एका कागदावर नंबर, माणूस, पॅक, दिवस, रुपये असं लिहा. शेवटी प्रत्येक नंबरापुढे लिहा, त्याला बँक किंवा आधार जोडलंय का. आमच्या घरी हा कागद आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. काकूच्या नव्या नंबराची मुदत कधी संपते, ते त्यात पहिल्या ओळीत आहे.