यंत्र आधी कुठे बसवायचे?

दिवाळीच्या तोंडावर बोईसर स्टेशन पाहावे. बॅगा, गाठोडी, नव्या मिक्सरची खोकी घेऊन गावाकडे निघालेल्या कामगारांनी फलाट भरलेला असतो. तारापूर औद्योगिक वसाहतीतले बरेच कारखाने या दिवसांत बंद राहतात. बंदच्या काळात देखभाल होते, जुने पाइप बदलतात, आणि नवे यंत्र पायावर बसवायचे असेल तर तेही बहुतेक याच दिवसांत बसते. सुट्टीवरून परतलेल्या हेल्परला गेटवर ठेकेदार सांगतो, "तुमच्या लाइनवर आता दोनच माणसे लागतील." त्या वाक्यानंतर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जी शांतता पसरते, ती मी पाहिली आहे. तरीही हा लेख यंत्राच्या विरोधात नाही. यंत्र आधी कुठे बसवायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

या मातीला स्वयंचलन नवे नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले. देशातली पहिली व्यापारी अणुवीज इथे तयार झाली. किरणोत्सारी वस्तूला माणसाचा हात लावता येत नाही. म्हणून अशा कामात जाड भिंतीआड आणि शिसेमिश्रित काचेआड उभे राहून यांत्रिक हातांनी वस्तू हाताळतात. तिथे यंत्र आले ते मजुरी वाचवण्यासाठी नव्हे, माणूस वाचवण्यासाठी.  धोक्याच्या जागी आधी यंत्र, हा धडा पालघर तालुक्याने पन्नास वर्षांपूर्वीच पाहिला होता. शेजारच्या औद्योगिक वसाहतीने तो घेतला का?

सालवड, कोलवडे, सरावली, कुंभवली या गावांच्या शिवारात पसरलेल्या वसाहतीत पोलाद आहे, कापड आहे, पण तिची ओळख रसायने आणि औषधांचा कच्चा माल हीच. या कारखान्यांत माल बॅचने तयार होतो. रिअॅक्टर म्हणजे आतून काचेचा लेप दिलेले प्रचंड पातेले. वर मॅनहोलचे झाकण, आत फिरणारा ढवळ्या, भोवती वाफेचे किंवा थंड ब्राइनचे जॅकेट. अनेक ठिकाणी अजूनही माणूस झाकण उघडतो आणि पावडरीची गोणी आत ओततो. आत ज्वलनशील सॉल्व्हंटची वाफ असते. गोणीच्या घर्षणाने स्थिर विजेची एक ठिणगी उडाली तरी पुरते. नायट्रेशनसारख्या प्रक्रियेत उष्णता आपोआप निर्माण होते. ढवळ्या बंद पडला किंवा थंडावा कमी पडला तर तापमान चढते, चढलेल्या तापमानाने प्रक्रिया आणखी वेग घेते, आणि मग काही मिनिटांत सारे हाताबाहेर जाते.

हे पुस्तकी वर्णन नाही. 8 मार्च 2018 च्या रात्री तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तिघे गेले. 11 जानेवारी 2020 ला कोलवडे परिसरातल्या कारखान्यात आठ जण गेले. 26 ऑक्टोबर 2022 ला, दिवाळीच्याच दिवसांत, आणखी तिघे. 21 ऑगस्ट 2025 ला एका औषध कंपनीत वायुगळतीने चार कामगार दगावले. प्रत्येक दुर्घटनेचे कारण वेगळे असेल आणि यंत्राने त्यातली प्रत्येक टळली असती असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट वारंवार दिसते: जिथे धोका सर्वांत जास्त, तिथेच सर्वांत कमी पगाराचा, बहुतेकदा कंत्राटी माणूस उभा असतो.

स्वयंचलनाचा खरा फायदा इथेच आहे. नियंत्रण कक्षातली संगणकीय प्रणाली रिअॅक्टरचे तापमान आणि दाब क्षणोक्षणी पाहते. मर्यादा ओलांडली की इंटरलॉक रसायनाची धार बंद करतो आणि थंडावा वाढवतो. रात्रपाळीत पहाटे तीन वाजता माणसाचे डोळे मिटतात, सेन्सरचे मिटत नाहीत. बंद नळीतून पावडर आत ओढून घेणारी यंत्रणा असेल तर झाकण उघडावेच लागत नाही. कामगाराच्या फुप्फुसात जाणारी धूळ थांबते, बॅचमागून बॅच एकसारखी उतरते, आणि औषध परदेशात पाठवायचे असेल तर लागणारी नोंद आपोआप होते.

मात्र यंत्रालाही शिस्त लागते. उत्पादन थांबू नये म्हणून इंटरलॉक बायपास करून ठेवण्याची सवय या धंद्यातल्या कोणालाही अपरिचित नाही. सतत वाजणाऱ्या अलार्मकडे कान बधिर होतात. सेन्सर वेळेवर तपासला नाही तर पडद्यावर 60 अंश दिसतात आणि आत 90 असतात. असे अर्धवट स्वयंचलन जुन्या हातकामापेक्षा घातक असते, कारण माणूस निर्धास्त होतो.

लहान कारखानदाराची अडचणही समजून घेतली पाहिजे. त्याच्या एकाच रिअॅक्टरमध्ये या महिन्यात एक माल आणि पुढच्या महिन्यात दुसरा निघतो. प्रत्येक मालासाठी नवी जुळणी करावी लागते, खर्च मोठा आणि परतावा हळू. पॅकिंगच्या लाइनवर बसवलेले यंत्र मात्र कमी झालेल्या मजुरांच्या पगारातून पैसे लवकर वसूल करून देते. म्हणून यंत्र तिथे आधी जाते. हिशेब बरोबर आहे, पण क्रम चुकला आहे.

कापडाच्या शेडमध्ये हा हिशेब डोळ्यांना दिसतो. धोट्याचा साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे धागे टाकतो. हवेच्या झोताने धागा फेकणारा एअरजेट माग पाचशे-सहाशेच्या पुढे सहज जातो, आणि त्याच्याकडे पाहायला माणसे फार थोडी लागतात. कापड निर्दोष निघते आणि निर्यातीत टिकते. पण जो विणकर कानाने मागाचा बिघाड ओळखायचा, त्याच्या कानाचे मोल संपते.

कमी माणसांत काम भागले की उरलेल्यांचे काय, हा प्रश्न गिरणगावाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. मुंबईच्या गिरण्यांत दोन साचे, म्हणजे माग, सांभाळणाऱ्या कामगाराला तीन साचे देण्याची पद्धत आली, तिला रॅशनलायझेशन म्हणत. 1928 च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपामागे हे एक मोठे कारण होते. पुढे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपात होऊ शकेल असा तंत्रातला बदल करण्याआधी 21 दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आली. कायम कामगाराला ती ढाल मिळाली. कंत्राटी हेल्परला कोणी कपात करत नाही. त्याचा ठेका संपतो, एवढेच. आणि हेल्परचे हे काम जाते तेव्हा जव्हार-मोखाड्याहून पहिल्यांदा कारखान्यात आलेल्या आदिवासी मुलाचा पहिला पाय ठेवायचा दगडच निसटतो.

यंत्रामुळे हातचे काम जाते म्हणजे काय, हे चिंचणीत आणखी जवळून कळते. चिंचणी, वरोर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यात दागिन्यांचे डाय बनवण्याचा घरगुती धंदा पिढ्यांपासून आहे. ज्या ठशावर सोन्या-चांदीचा पातळ पत्रा दाबून फुलाची पाकळी किंवा पानाची शीर उमटवतात, तो पोलादाचा ठसा हाताने कोरायचा. उलटा कोरायचा, म्हणजे जिथे दागिना उठणार तिथे पोलादात खोली घ्यायची. मग त्याला भट्टीत तापवून पाणी द्यायचे. खिडकीपाशी उजेडात बसून, छिन्नीच्या केसभर फरकावर नजर ठेवून केलेले हे काम. हात बसायला वर्षे लागतात. संगणकावर नक्षी काढून सीएनसी यंत्रावर ठसा कापता येऊ लागला आणि दिवसांचे काम तासांवर आले. एकदा काढलेली नक्षी हवी तितक्या वेळा कापता येते. ज्यांनी कर्ज काढून यंत्र घेतले ते टिकले, आणि यंत्राच्या कामाला हाताने शेवटचा उठाव देणाऱ्यांनाही काम राहिले. बाकीच्या घरांत मुले नोकरीसाठी लोकल पकडू लागली. इथे यंत्राने कोणाचा जीव वाचवला नाही, कारण या कामात जीव धोक्यात नव्हताच. पण एक विद्या मात्र पातळ झाली. या कारागिरांना एकत्र येऊन वापरता येईल असे सामायिक यंत्रकेंद्र वेळेवर मिळाले असते तर नक्षीही त्यांची आणि यंत्रही त्यांचे राहिले असते, असे माझे ठाम मत आहे. ते करायला अजूनही उशीर झालेला नाही.

यंत्राचा लाभ आणि त्याची मर्यादा सांडपाण्यातही दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत वर होते. ऑनलाइन मापकांमुळे सांडपाण्याची नोंद चोवीस तास होऊ शकते, हा मोठाच लाभ. पण मापक फक्त पाइपाच्या तोंडाशी असतो. रात्री नाल्यात रिकामा होणारा टँकर त्याला दिसत नाही. नवापूर-मुरब्याच्या मच्छीमाराला तो दुसऱ्या दिवशी जाळ्यात दिसतो.

जगात 2023 मध्ये सुमारे 5 लाख 41 हजार औद्योगिक रोबो बसले, भारतात 8,510. म्हणजे आपण अजून सुरुवातीलाच आहोत, आणि क्रम ठरवण्याची संधी हातात आहे. चाकणमध्ये बजाज ऑटोने 2010 पासून माणसाशेजारी काम करणारे छोटे रोबो जुळणीला आणले. तिकडच्या मुलांना पुण्याची तंत्रशिक्षणाची परंपरा जवळ आहे. पालघरमध्ये पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, दुरुस्त करणारा तंत्रज्ञ मात्र बऱ्याचदा मुंबई किंवा वापीहून बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत यंत्र उभे राहते. पालघर, डहाणू, जव्हारच्या आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनची खरी, चालती सामग्री हवी. ती कारखान्यांनी द्यावी. ज्या हेल्परची जागा यंत्र घेते त्यालाच आधी सहा महिने पगारी शिकवून त्या यंत्रावर उभे करावे. त्याला रिअॅक्टरचा आवाज माहीत असतो, आणि ही माहिती कुठल्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

या दिवाळीच्या बंदमध्ये नवे यंत्र बसवणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला माझी विनंती आहे: पॅकिंगच्या लाइनकडे वळण्याआधी एकदा रिअॅक्टरच्या जिन्याने वर चढा. मॅनहोलपाशी उभे राहा. तिथे गोणी घेऊन कोण उभा असतो ते आठवा, आणि पहिला खर्च तिथे करा.